सत्तावीस नंबरची माडी

शनिवार, १६ ऑगस्ट

दोन दिवस! फक्त दोन दिवस राहिले! सोमवारी सकाळी नऊ वाजता सुतारगावाचं, म्हणजे सुट्टीत पोरांनी लाकडी खोपटं बांधायच्या मैदानाचं, फाटक उघडेल आणि मग शुक्रवारपर्यंत मला कुणी "टेसेल, हात धू, टेसेल, केस विंचर" म्हणू शकणार नाही. ही वही खास कामाच्या नोंदींसाठी आहे. बाबा म्हणतात, खरा सुतार रोजच्या रोज लिहून ठेवतो. बाबा बस चालवतात, त्यांना सुतारांचं काय माहीत, पण वही चांगली जाड आहे.

तर यंदाचा बेत: माडी!!! माझा मोठा भाऊ वीबे आणि मी तीन वर्षं खोपटं बांधतोय. पहिल्या वर्षी ते डावीकडे कललं, दुसऱ्या वर्षी उजवीकडे. गेल्या वर्षी सरळ उभं राहिलं, पण दार ठेवायचंच विसरलो. आम्ही दोघं आतून खिळे ठोकत होतो, म्हणून कळलं नाही. हार्मकाकांनी कटावणीने भिंत उचकटून आम्हाला बाहेर काढलं. सुतारगावाचे ते मुकादम, आणि ती गोष्ट ते अजून सगळ्यांना सांगतात.

माडी सगळ्यांना बांधता येत नाही. ज्या खोपटाच्या यादीत आमच्या शाळेचा शेवटचा वर्ग नुकताच संपवलेलं कुणी असेल त्यालाच परवानगी, आणि माडीवर माणसं चढत असतील तेव्हा त्याने शिडीपाशी उभं राहायचं. वीबेचा शेवटचा वर्ग जुलैत संपला. सप्टेंबरपासून तो सायकलने शहरातल्या मोठ्या शाळेत जाणार, म्हणजे सुतारगावात त्याचं हे शेवटचं वर्ष. मी दहाची. माझा शेवटचा वर्ग संपायला अजून दोन वर्षं आहेत. आत्ता नाही तर कधी?

वीबे मात्र जरा बिघडलाय. आज हातोड्यांच्या दांड्या रंगवायच्या होत्या, त्याची लाल, माझी निळी. दरवर्षी आम्ही अंगणात वर्तमानपत्र अंथरून रंगवतो. तो म्हणाला, "तूच रंगव ना दोन्ही. तुला छान जमतं." आजपर्यंत त्याच्या मते मला काहीच छान जमलेलं नव्हतं. शिवाय त्याचा आवाज फुटलाय. "लोणी दे" म्हणाला तर अर्धं लोणी तळघरातून आलं आणि अर्धं गच्चीवरून. आईने हसू दाबलं. मी नाही दाबलं.

आणि एक गंमत. आमच्या न्हाणीघराचं दार नीट लागत नाही. फटीतून पाहिलं तर हा कपडे घालून कोरड्या टबात उभा, शॉवर तोंडापुढे धरून म्हणतोय, "नमस्कार मंडळी! आजचं हवामान..." मी पोट धरून हसले, पण बिनआवाज.

सोमवार, १८ ऑगस्ट

हाताला तीन फोड आलेत आणि मी जगातली सर्वांत सुखी मुलगी आहे.

फाटक उघडलं आणि दोनशे पोरं माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या ढिगाकडे सुटली. वीबेचे पाय जानेवारीपासून नुसते वाढतायत, त्यांचा आज कुठे उपयोग झाला. मी ढिगावर चढून बसले आणि ओरडत राहिले, "ही आमची! हीपण आमची!" तो ओढत राहिला. अकरा पॅलेट! सुमेया जागा अडवून उभी होती. सुमेया माझ्या वर्गातली, आमच्या खोपटात यंदा नवीन. तिचे बाबा फरशा बसवतात, त्यामुळे तिच्याकडे खरीखुरी पाणसळ आहे. यंदा आम्ही कलणार नाही.

आम्हाला सत्तावीस नंबर मिळाला, अगदी कालव्याकाठचा. मनगटावर निळे पट्टे बांधले, पट्ट्यावर २७. मग ग्रीतआजींच्या टपरीवर खिळ्यांसाठी रांग. त्यांचा हिशोब साधा: वाकड्या खिळ्यांचा भरलेला डबा द्यायचा, सरळ खिळ्यांचा डबा घ्यायचा. म्हणजे मैदानात कुणाच्या पायात काही जात नाही.

"आज तर अजून काही वाकलंच नाहीये, आजी," मी म्हणाले.

"तुला ओळखते मी, टेसेल," त्या म्हणाल्या. "घे उधारीवर. दुपारपर्यंत डबा भरशील."

अकरा वाजता भरला.

भिंती तीन झाल्या. चार व्हायच्या, पण मधेच वीबे म्हणाला, "दहा मिनिटांत आलो." फाटकाशी एक जुनी कॅरव्हॅन उभी आहे, तिच्यात सुतारगावाचा रेडिओ. रेडिओ म्हणजे काय, खांबाखांबावर भोंगे. मायके म्हणून एक कॉलेजची मुलगी तो चालवते आणि एखाद्या जनाज्याची बातमी दिल्यासारखी बोलते. वीबेची दहा मिनिटं चार वाजले तरी संपेनात. मी शिव्या तयार ठेवल्या होत्या, एवढ्यात भोंग्यातून आवाज आला: "नमस्कार मंडळी! आजचं हवामान: नऊ नंबरच्या खोपटावर अंगठे सुजण्याची दाट शक्यता. चौदा नंबरला छत उडून जाईल, कारण तिथे छतच नाही."

अख्खं मैदान हसलं. सुमेया खाली बसून हसली. हार्मकाका कटावणी टाकून हसले. "माझा भाऊ आहे तो!" असं मी चार खोपटांना सांगून आले. त्यात माझे वीस मिनिटांचे खिळे राहिले.

मंगळवार, १९ ऑगस्ट

वीबेशी बोलणं बंद. कायमचं.

सकाळी तो नारिंगी पट्टा बांधून आला. नारिंगी म्हणजे रेडिओ. मी म्हणाले, "निळा कुठाय?"

"मायकेने मला पक्कं घेतलंय. रोज तीन बातमीपत्रं. गुरुवारी संध्याकाळी आईबाबा लोक येतात ना, तो मोठा कार्यक्रमपण मीच करणार!" त्याचे डोळे असे चमकत होते की मला आधी आनंदच झाला. मग डोक्यात प्रकाश पडला.

"मग आमच्या यादीत तू नाहीस?"

"एकाच यादीत राहता येतं, टेस."

"मग माडी?"

तो पट्टा मनगटावर फिरवत राहिला. मग म्हणाला, "खाली मोठं बांधा की. खिडकी करा."

"खिडकी? तीन वर्षं आपण माडी म्हणतोय आणि तू मला खिडकी देतोस?"

"तूच म्हणतेयस तीन वर्षं," तो म्हणाला. "आणि ऐक, मला आता नाही मजा येत खिळे ठोकण्यात. ते लहान पोरांचं आहे." शेवटचा शब्द गच्चीवरून आला आणि तो लालेलाल झाला. मीही लाल झाले, पण माझं कारण वेगळं.

मी त्याची लाल हातोडी कालव्यात टाकणार होते. टाकली नाही, कारण आमच्याकडे हातोड्या कमी आहेत. चौथी भिंत उभी केली. बत्तीस खिळे वाकवले. ग्रीतआजी म्हणाल्या, "आज कुणावर राग आहे?" मी म्हणाले, "लाकडावर."

बुधवार, २० ऑगस्ट

आजचं क्रमाने लिहायला हवं.

सकाळी खिळ्यांच्या रांगेत नऊ नंबरच्या मुली वीबेबद्दल बोलत होत्या. कसला भारी बोलतो, कुठे शिकला वगैरे. मी म्हणाले, "न्हाणीघरात शिकला. कोरड्या टबात उभा राहतो, शॉवर हातात घेऊन. आणि नीट ऐका, 'हवामान' म्हणताना त्याचा कोंबडा होतो." एवढंच. यात एक अक्षर खोटं नाही.

साडेबाराच्या बातमीपत्रात तो म्हणाला, "आजचं हवा..." आणि खरंच आवाज फाटला. नऊ नंबरवरून कुणीतरी आरवलं. मग चौदावरून. मग अख्खं मैदान, दोनशे पोरं, "कुकूच कू!" कुणी तरी ओरडलं, "शॉवर बंद कर!" भोंग्यात खरखर झाली, मग काहीच नाही. मग मायकेचा आवाज आला, "उरलेल्या बातम्या मी वाचते." आणि परत जनाजा सुरू.

मी आरवले नाही. हे इथे लिहून ठेवते.

दोन वाजता वीबे आमच्या खोपटापाशी आला. मनगटावर निळा पट्टा. "माडीच्या तुळया कुठायत?" एवढंच म्हणाला.

आणि मग काय काम झालं! वीबेला खरंच कळतं हो. आम्ही तुळया नुसत्या टेकवणार होतो, त्याने त्यांच्याखाली आडवे ठोकळे बसवायला लावले. सुमेया पाणसळ ठेवते, बुडबुडा मधोमध, मी ठोकते, तो धरतो. पाच वाजता माडीची जमीन तयार! मी वर उभी राहिले आणि मला कालवा दिसला, पलीकडच्या गाई दिसल्या, चर्चच्या कळसावरचा पत्र्याचा कोंबडा दिसला. मी एवढी ओरडले की गाईंनी वर बघितलं.

वीबे खाली होता. खिळा ठोकायचा, थांबायचा, भोंग्याकडे बघायचा, पुन्हा ठोकायचा. मायके वाक्याच्या मधेच श्वास घेते ते त्याला सहन होत नसावं. त्याने दुपारभरात एकही विनोद केला नाही. दमला असेल.

घरी येताना सुमेया म्हणाली, "तुला पाहिजे होतं ते मिळालं ना? मग तोंड असं का?"

"कसं?"

"आंबट."

मी म्हणाले, ऊन लागलं. ऊन नव्हतंच आज.

गुरुवार, २१ ऑगस्ट

आज एवढं घडलं की हात दुखेपर्यंत लिहिलं तरी पुरणार नाही, आणि हात आधीच दुखतोय.

अकरा वाजता तपासणी. हार्मकाका एकशे दहा किलोंचे आहेत आणि तपासणी म्हणजे ते माडीवर चढून तीन उड्या मारतात. गेल्या वर्षी अशाने दोन माड्या खाली आल्या होत्या. पहिली उडी. धूळ उडाली. दुसरी. सुमेयाने डोळे घट्ट मिटले. तिसरी! काही हललं नाही, एक खिळासुद्धा नाही. काका वरून म्हणाले, "सुतारगावातली यंदाची सर्वांत पक्की माडी. आणि दारपण ठेवलंय, वा!" त्यांनी दाराला हिरवी चिठ्ठी ठोकली. मी आणि सुमेया एकमेकींना धरून इतक्या नाचलो की तिचा बूट कालव्यात गेला. वीबेने तो काठीने काढून दिला आणि हसला. म्हणजे ओठ हसले.

दुपारी मी वर रंग देत होते तेव्हा खाली मायके आली. मी दिसत नव्हते तिला.

"संध्याकाळचं अजून तुझंच आहे, वीबे," ती म्हणाली. "मी बोलले तर लोक झोपतील, मला माहीत आहे."

"नको. पुन्हा आरवतील."

"आरवतील. मग?"

"मग काय! शिवाय मला इथे थांबायचंय. सात वाजता लोक माडीवर चढणार, शिडीपाशी कुणीतरी हवं." आणि मग इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं: "मी लिहून ठेवलं होतं सगळं. चार पानं."

मायके गेली. मी ब्रश हातात धरून बसले. पिवळा रंग गुडघ्यावर गळत होता. मंगळवारी दिवसभर मी म्हणत होते की माझी माडी त्याच्यामुळे जाणार. आता माडी होती, पक्की, हिरव्या चिठ्ठीची, आणि त्याला माझ्या माडीखाली लपायला जागा झाली होती. मला फार लाज वाटली.

मी हार्मकाकांना शोधून विचारलं, शिडी काढून ठेवली तर माडी राहील का. "शिडी नसली की सहा वर्षांची पोरं भिंतीवरून चढतात," ते म्हणाले. "माणूस तरी हवा, नाहीतर माडी उतरवायची. आईबाप यायच्या आत. का?"

"उगाच," मी म्हणाले आणि त्यांची कटावणी मागितली.

सुमेया म्हणाली, "वेड लागलंय का तुला? माडी माझीपण आहे!" खरंच होतं ते. मग मी तिला सगळं सांगितलं, न्हाणीघरापासून. ती बराच वेळ पाणसळीतला बुडबुडा इकडून तिकडे करत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षांनी तुझा शेवटचा वर्ग संपेल तेव्हा माडीवर पहिली मी चढणार. तुझ्याआधी."

"चढ."

"आणि उडी मारून तपासणारपण मीच."

"मार."

खिळे ठोकायला जोर लागतो, पण पक्के ठोकलेले खिळे काढायला त्याच्या दुप्पट लागतो. वीबेने खिळे फारच पक्के ठोकायला लावले होते. सहा फळ्या निघाल्या तेव्हा तो सगळ्यांसाठी बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेऊन आला, हातात तीन पुड्या, वरून मेयोनीज. बघतच राहिला.

"काय करतेस तू?"

"माडी उतरवतेय. तुला शिडीपाशी थांबायला नको. जा कॅरव्हॅनमध्ये."

"तुला कुणी सांगितलं..."

"नऊ नंबरच्या मुलींना मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "टबाचं. कोंबड्याचं. मीच." आणि मला रडू आलं. कटावणी हातात असताना रडताना नाक पुसता येत नाही.

वीबेने पुड्या ठोकळ्यावर ठेवल्या. "माहितीय," तो म्हणाला. "आपलं दार नीट लागत नाही हे त्यांना कसं कळणार?"

"मग तू इथे कशाला आलास?"

"दुसरीकडे कुठे जाणार होतो?" त्याने खांदे उडवले. मग मला बटाट्याची एक फोड दिली. "तू फार वाईट वागलीस, टेस."

"हो."

"मीपण ते लहान पोरांचं वगैरे बोललो."

"हो. जा ना आता, पावणेसात झाले!"

त्याने माझ्या हातातून कटावणी घेतली, सर्वांत अवघड, कोपऱ्यातला खिळा एका झटक्यात काढला, कटावणी परत दिली आणि धावत सुटला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. त्याचे पाय खरंच फार लांब झालेत.

सात वाजता आईबाबा आले, सगळ्यांचेच आले. आम्ही शेवटची फळी खाली घेत होतो. भोंगा खरखरला. "नमस्कार मंडळी! आजचं हवा..." आणि फाटला! मैदानातली पोरं आरवली. मी श्वास धरून उभी. भोंग्यात क्षणभर शांतता, आणि मग तोच आवाज: "बरोबर ओळखलंत. पहाट झाली. आता सगळे आईबाप उठून उभे राहा आणि आपापल्या पोराने वाकवलेला एकेक खिळा उचला, ग्रीतआजी वाट बघतायत." आणि आईबाप खरंच वाकले! महापौरबाईंचा थाट लग्नाला आल्यासारखा, गळ्यात पदाची सोन्याची साखळी, पण त्याही वाकल्या. दोनशे पोरं खिदळली, पण त्याला नाही हसली, त्याच्यासोबत हसली.

अर्धा तास बोलला. आणखी तीनदा फाटला. प्रत्येक वेळी मला वाटलं आता थांबेल, आणि तो फाटलेल्या आवाजावर तसाच स्वार होऊन पुढे गेला. प्रत्येक खोपटाबद्दल काहीतरी म्हणाला. सत्तावीसला म्हणाला, "कालव्याकाठची उत्तम हवेशीर जागा." बस. माझं नाव घेईल असं मला वाटलं होतं. माडीचं काहीतरी सांगेल, बहिणीचं काहीतरी. नाही घेतलं. तो इतका रमला होता की मी त्याच्या लक्षातच नव्हते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. आणि त्याच वेळी मी इतकी हसत होते की बाबांनी विचारलं, "एवढं काय झालंय तुला?"

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आज सगळं पाडायचा दिवस. एक वाजेपर्यंत पाडायचं, मग लाकडाचा डोंगर मधे रचतात आणि अंधार पडल्यावर अग्निशमनवाले काका तो पेटवतात. पाडण्यात आम्ही पहिल्या आलो, कारण आमचं अर्धं कालच पाडून झालं होतं! सुमेया म्हणते, याला नियोजन म्हणतात. तिने दोन वर्षांनंतरच्या माडीचं चित्र या वहीच्या मागच्या पानावर काढलंय. त्यात घसरगुंडी आहे. हार्मकाकांना दाखवलं तर ते डोक्याला हात लावून बसले.

आग मोठी झाली तेव्हा वीबे कॅरव्हॅनवाल्यांच्या घोळक्यात उभा होता. तिथे सगळी मोठीच होती. मी गेले नाही. मी आणि सुमेया पुढे उभ्या होतो, भुवया गरम होईपर्यंत. मग पाठीमागून कुणीतरी माझी टोपी डोळ्यांवर ओढली.

"काल ऐकलंस?" वीबेने विचारलं. आवाज पार बसला होता.

"सगळं ऐकलं."

"मग? कसं झालं?"

मी बघतच राहिले. वीबेने आजवर मला खूप काही विचारलंय, माझी पक्कड कुठाय, शेवटची बिस्किटं कुणी खाल्ली. पण तुला काय वाटलं, असं कधी नाही. आणि तो थट्टा करत नव्हता. उत्तरासाठी थांबला होता.

म्हणून मी नीट विचार करून खरं ते सांगितलं. "खिळे उचलायला लावलेस ते सगळ्यात भारी. महापौरबाईंबद्दल बोललास ते लांबलं. तिथे पोरं चुळबुळ करायला लागली होती."

"किती लांबलं?"

"तीन वाक्यं जास्त."

वीबेने खिशातून पेन्सिल काढली आणि आगीच्या उजेडात तळहातावर लिहून घेतलं.